मण्यारीला कवड्या मी म्हटलं होतं

काका, तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले आणि माझ्या फोनात तुम्ही अजून चालू आहात.

तुमचा नंबर काढून टाकायला हात धजत नाही. तिकडं नेरला काकूनं तुमचा फोन फळीवर ठेवला आहे आणि रोज चार्जिंगला लावते. कायले लावता म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू दे माय. बंद पडला तर मलेच कसंतरी होईन." त्यामुळं इकडं तिरुपूरला माझ्या फोनात तुमचं नाव आणि लाइनमनच्या हेल्मेटमधला तुमचा फोटो जसाच्या तसा आहे. आपल्या 'साप निघाला' ग्रुपवर कोणी घाबरून फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'शेषराव काका, लवकर पाहा.' मग कोणीतरी सांगतं, काका गेले. मग फोटो टाकणारा जोडलेले हात टाकतो. आणि साप त्याच्या घरात तिथंच असतो.



परवा पंकजनं, म्हणजे आपला ग्रुप चालवणाऱ्या यवतमाळच्या मोबाइल दुकानवाल्यानं, तुमच्याबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं. शेवटी मात्र एक वाक्य टाकलं, 'इतक्या वर्षांत काकांची ओळख एकदाच चुकली, तीही वयामुळे.' सगळ्यांनी खाली फुलं वाहिली. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. कारण ती चूक तुमची नव्हती. ग्रुपवरच्या विलासच्या घरातल्या विषारी मण्यारीला बिनविषारी कवड्या मी म्हटलं होतं, तुमच्या नावानं, तुमच्या भाषेत. तुम्ही ती चूक अंगावर घेतली आणि घेऊनच गेलात. हे मला ग्रुपवर सांगायचं आहे. सांगितलं तर लोक काय करतील याचं भेव वाटतं, म्हणून आधी तुमच्यापाशी लिहिते. लिहिलेलं आधी तुम्हाला ऐकवायची सवय लागली आहे, ती सुटत नाही.

मी तुम्हाला पहिल्यांदा काय लिहिलं होतं, आठवतं का? फुलसावंगीजवळच्या आमच्या गावात आई एकटी. शेजारच्या सुनेनं मला फोटो पाठवला, चुलीमागं काहीतरी वेटोळं. मी इथं, दोन दिवसांच्या वाटेवर. ग्रुपचं नाव कोणाकडून तरी ऐकलं होतं. आठवीतून शाळा सोडलेली मी, चार माणसांत लिहायची लाज वाटायची. पण त्या दिवशी एका दमात लिहून टाकलं, 'माय घरात हाये साप हाये चुलीमांगं माय ऐकत नाई'. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही.

तुमचं उत्तर आलं, 'तुमची आई आत्ता कुठं उभी आहे?'

मला राग आला होता. मी विचारलं काय आणि हा माणूस विचारतो काय. पण उत्तर द्यायचं म्हणून शेजारणीला फोन लावला, तिनं आत डोकावून पाहिलं, तर आई चुलीपासून दोन हातांवर उभी, चिमटा घेऊन. तुम्ही लिहिलं, 'त्यांना ओट्यावर येऊ द्या. चिमटा आत राहू द्या. त्या आल्या की मला सांगा.' आई ओट्यावर आली. मी सांगितलं. मग तुम्ही साप सांगितला. तस्कर. बिनविषारी. 'दार उघडं ठेवा. त्याचा तो जाईल.'

दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. लिहिण्यात इतका शांत, छापील वाटणारा माणूस बोलण्यात निघाला आमच्यासारखा. "पोरी, तुही माय खाली निजते का?" हो म्हटलं. "मंग तिले खाटेवर निजव. मच्छरदाणी लाव अन् गादीखाली खोच. आज तस्कर आला, उद्या मण्यार येईन. ती झोपलेल्या माणसाच्या अंगापाशी येते अन् चावली तरी कळत नाही." मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "खाटेवर निजाले मी काय बाळंतीण हावो?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तिचा नंबर मागितला. तिच्याशी काय बोललात कोण जाणे. संध्याकाळी आईचा फोन, "त्या लाइनमनले सांग, निजते म्हणा खाटेवर. पाय लटकून राह्यले, पण निजते." त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली, काका. त्याआधी पावसाळाभर लागत नव्हती. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग मी ग्रुप वाचायला लागले. इथं दिवसभर टी-शर्टाची शिवण तपासायची, आजूबाजूला सगळं तमिळ, नवरा डाइंगला, कापड रंगवायच्या कारखान्यात, तो येईपर्यंत बोलायला कोणी नाही. सुट्टीत फोन उघडला की आपली माणसं भेटायची, सगळी घाबरलेली. हळूहळू नाव न पाहता कळायला लागलं की कोणी लिहिलं आहे. दारव्ह्याकडचे एक आजोबा अर्ज केल्यासारखं लिहायचे, 'सविनय कळविण्यात येते की कोठ्यात नाग आहे.' एक बाई फोनमध्ये बोलून लिहायच्या, त्यामुळं घरातलं सगळंच उतरायचं, 'काका हा कोणता साप आहे अरे मागं हो म्हटलं ना मागं हो चप्पल कुठाय तुझी'. एकजण कुठल्याही सापाखाली 'नागदेवता प्रसन्न' टाकायचा. तो पुसदकडचा शहाणा 'मित्रहो' अशी सुरुवात करून कुठूनतरी उचललेली लांबलचक माहिती टाकायचा, ती वाचून होईपर्यंत साप शेजारच्या घरी. तांड्यावरची एक बाई घाईत आधी गोरबोलीत लिहायची, मग ते पुसायची आणि मराठीत लिहायची. ज्या दिवशी ती पुसायची विसरायची, त्या दिवशी साप जवळ असायचा.

हे सगळं तुम्हीच दाखवलंत. "फोटो मंग पाय, आधी लिवणं पाय," म्हणायचे. जो नमस्कार करून विचारतो त्याच्या घरातला साप बहुतेक निघून गेलेला असतो. जो नुसतं 'काका' लिहितो तो दारात उभा असतो. आणि जो काहीच न लिहिता फोटो टाकतो, त्याला आधी फोन करायचा.

तुमचं स्वतःचं लिहिणं तर मी शंभरात ओळखलं असतं. पहिलं वाक्य नेहमी प्रश्न, आणि त्यात सापाचं नाव नाही. समोर कोणी असो, तुम्ही म्हणायचं. हसण्या-रडण्याची चिन्हं नाहीत. आणि प्रत्येकाला काहीतरी काम. एकानं लांबून नजर ठेवा. एकानं दार उघडा. एकानं लेकरांना घेऊन रस्त्यावर जा. मी विचारलं होतं, रिकाम्या घरात एवढी कामं कायले वाटता? तुम्ही म्हणालात, "हाताले काम भेटलं की माणूस काठी उचलत नाही." तुमचं नाव शेषराव, त्यामुळं लोक चेष्टा करायचे की काका सापांच्या बाजूचे आहेत. तुम्ही कोणाच्याच बाजूचे नव्हता. तुम्ही सगळ्यांना दोन पावलं मागं घ्यायचे, माणसालाही आणि सापालाही.

मग साखरेनं तुमची नजर नेली. फोनवरची अक्षरं आधी गेली, मग फोटो गेले. हे तुम्ही फक्त काकूला आणि मला सांगितलं. मला कायले सांगितलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुले लांबून सुटलेला टाका दिसते न? मंग तुहे डोळे दे मले." काकूनं तुमच्या फोनवर मी सांगितलेले आकडे टाकले आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्याही फोनात सुरू झालं.

आपलं काम कसं चालायचं ते कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. साप महागावच्या एखाद्या घरात, फोटो तिरुपूरला माझ्या हातात, आणि ओळखणारा माणूस नेरला खाटेवर डोळे मिटून. मी सांगायचे, तुम्ही ऐकायचे. सुरुवातीला मी म्हणायचे, काळा आहे, लांब आहे, फार भेसूर आहे. तुम्ही वैतागायचे. "पोरी, वरात नको सांगू, नवरदेव सांग." मग शिकले. पट्टे कुठून सुरू होतात. शेपटीकडं दाट होतात की विरळ. एकेकटे आहेत की जोडीनं. पाठीच्या कण्यावरचे खवले बाकीच्यांपेक्षा मोठे आहेत का. कवड्या आणि मण्यार यांचा धडा तर तुम्ही मला तोंडपाठ करायला लावला होता, कारण दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे, दोन्ही घरात शिरतात, आणि एक चावला तर हळद लावून माणूस कामाला जातो, दुसरी चावली तर दवाखाना गाठेपर्यंत भरवसा नाही. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे मानेकडं नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट जातात. "मान दिसल्याबिगर तोंड उघडायचं नाही," हे तुमचं वाक्य.

मग तुम्ही सांगायचे आणि मी लिहायचे. शब्दनशब्द. "इथं टिंब दे. घाबरलेल्या माणसाले श्वास घ्याले जागा पायजे." शाळेत मला ज्या टिंबाचा उपयोग कधी कळला नाही, तो तुमच्या खाटेवरून कळला. काही महिन्यांनी तुम्ही अर्धंच सांगायचे आणि मी पुरं करायचे, आणि वाचून दाखवलं की म्हणायचे, "हो. असंच म्हणलं असतं म्या." मला त्याचं फार कौतुक वाटायचं, काका. फार वाटायचं. तिथंच बिघडलं.

लोकांना सांगा, असं मी किती वेळा म्हटलं असेल. की काकांना दिसत नाही, काका ऐकून सांगतात, लिहिणारी दुसरी आहे. तुम्ही ऐकत नव्हता. "लोक शेषरावचं आयकून काठी खाली ठेवतात. शेषराव आंधळा झाला म्हणलं की उद्या त्या मित्रहोचं आयकतीन." मी म्हणायचे, पण हे खोटं आहे. तुम्ही म्हणायचे, "साप खरा सांगतो न आपण?" आणि मी पुढचा फोटो सांगायला घ्यायचे. 

तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. तुम्हाला पायाच्या जखमेसाठी यवतमाळला दवाखान्यात नेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. विलासचा फोटो आला, खाली नुसतं 'काका'. भांड्यांच्या फळीवर, दोन पितळी गंजांच्या मधून गेलेला साप. काळपट, पांढरे पट्टे. मान एका गंजामागं. मी तुम्हाला फोन लावला. काकूनं उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिकडं विलास लिहितोय, 'काका', 'काका लेकरू लहान आहे', 'काका मारू का'. मी तुमच्यासारखं विचारलं, कुठं उभे आहात. लेकरू बाहेर काढलं. दार उघडायला लावलं. तिथंच थांबायला पाहिजे होतं. सर्पमित्राला फोन करा, एवढं लिहायला पाहिजे होतं. पण तो 'मारू का' लिहीत होता आणि मला त्याचा हात दिसत होता काठीकडं जाताना. मी फोटो मोठा करून पाहिला. पट्टे रुंद वाटले. इतके फोटो पाहिले होते. लिहिलं, 'कवड्या आहे. बिनविषारी. मारू नका.'

किती तुमच्यासारखं होतं ते. टिंबासकट.

दुपारी काकूचा फोन आला आणि तिनं तुम्हाला दिला. मी खुशीतच सांगितलं की काका, आज मी एकटीनं सांभाळलं. तुम्ही विचारलं, "मान?" मी म्हटलं, गंजामागं होती.  मग म्हणालात, "मंग कवड्या कोण म्हणलं?"

तेवढ्यात ग्रुपवर विलासचा दुसरा फोटो आला, आभार मानायला. त्यानं साप दुपट्ट्यात धरून बाहेर नेला होता आणि शेतात सोडण्याआधी कोणालातरी फोटो काढायला लावला होता. त्यात सगळा दिसत होता. मान कोरी. पट्टे जोडीजोडीनं शेपटीच्या टोकापर्यंत. कण्यावर मोठे खवले. मी तुम्हाला एकेक सांगत गेले. तुम्ही म्हणालात, "बस. कळलं."

ती चावली नाही.  मण्यार दिवसा सुस्त असते असं तुम्ही नंतर म्हणालात, बहुतेक मला धीर द्यायला. तिनं एकदा तोंड वळवलं असतं तर विलास आज नसता, आणि बाजूला त्याचं लेकरू उभं होतं. मी अजून शिवण तपासताना मधेच थांबते. दुपट्टा दिसतो.

तुम्ही लगेच विलासला फोन केलात. मग मला म्हणालात, लिही. 'ती मण्यार होती. ओळखण्यात माझी चूक झाली. विलासभाऊ, मला माफ करा. मान दिसल्याशिवाय मी सांगायला नको होतं. शेषराव.' मी म्हटलं, काका, माझी चूक झाली असं लिहा. तुम्ही म्हणालात, "शेषरावच्या तोंडून निघालं. शेषरावच निस्तरीन. लिव." मी लिहिलं. माझ्या हातानं तुमचा माफीनामा लिहिला, काका, आणि पाठवला, आणि गप्प बसले. खाली लोक काय काय बोलले ते मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं नाही. म्हातारपणी हौस कायले पाहिजे. आता आराम करा. एकानं लिहिलं, याच्या भरवशावर आम्ही लेकरं निजवत होतो. ते मी गाळलं. तुम्हाला कळलं असणार. "एवढंच?" असं तुम्ही विचारलं होतं आणि मी "एवढंच" म्हटलं होतं.

त्यानंतर आपलं एकदाच भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "ओळखण्यात तर मीही चुकीन. तुहं चुकलं ते निराळं. तुले 'माहीत नाही' हे लिवता आलं नाही." मी रडत होते, आणि रडतारडता चिडले. म्हटलं, "तुमच्या भाषेत 'माहीत नाही' कसं लिवते, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही मले. इतके दिवस लिवून राह्यली मी, तुमी एकदा तरी म्हणलं का, की शेषरावले माहीत नाही?"

तुम्ही म्हणालात, "इचार करतो."

तो विचार तुमचा राहून गेला. नंतर पायाची जखमच चिघळली, मग ताप, मग दवाखान्याच्या चकरा. फोटो यायचे ते पंकज सर्पमित्रांकडं पाठवायचा. मग एका सकाळी काकूचा फोन आला आणि मला कळलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधे आठ दिवस गेले. आता पुढचं सांगते.

आधी काकूला विचारलं. सगळं सांगितलं आणि विचारलं, ग्रुपवर लिहू का. ती म्हणाली, "त्यायनं नाही म्हणलं होतं का?" मी हो म्हटलं. "मंग काय त्यायचं आयकतं आता. माहं तरी कुठी आयकत होते ते." आणि मग हळू आवाजात म्हणाली, "लिव माय. शेवटी-शेवटी विचारत होते मले, लोक अजून बोलून राह्यले का त्या मण्यारीचं."

हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत.

रविवारी दुपारी लिहायला बसले. हाताच्या सवयीनं तुमचंच उघडलं गेलं. दोन शब्द लिहिले असतील, तेवढ्यात तांड्यावरच्या त्या बाईनं ग्रुपवर लिहिलं, 'काका?' मला आधी समजलंच नाही. मग कळलं. सगळ्यांच्या फोनवर दिसत होतं की शेषराव काका लिहीत आहेत. आठदहा दिवसांपूर्वी ज्यांना फुलं वाहिली ते काका. पाठोपाठ तिनं गोरबोलीत काहीतरी लिहिलं आणि ते पुसलं नाही. मी फोन पालथा टाकला. 

मग काकूला फोन करून तुमचा नंबर माझ्या फोनातून काढून टाकायला लावला. माझ्या नंबरावरून, माझ्या नावानं लिहिलं. तुमच्यासारखं लिहिलं नाही. तुमच्यासारखं माफी मागणं मला एकदा जमलं होतं, पुन्हा नको. लिहिलं, 'मी संगीता. फुलसावंगीकडची. काकाले दोन वर्ष दिसत नव्हतं. फोटो मी पाहत होती अन् काका ओळखत होते. फक्त विलासभाऊचा साप मी एकटीनं सांगितला. काकाले विचारलं नाही. काका दवाखान्यात होते. चूक माही हाये, काकाची नाही. मले भेव वाटत होतं म्हणून गप्प राह्यली.'

 मग चारपाच जण ग्रुप सोडून गेले. पंकजनं लिहिलं, 'ताई, हे आधी सांगायला हवं होतं.' कोणीतरी लिहिलं, म्हणजे आम्ही दोन वर्षं कोणाशी बोलत होतो?  दारव्ह्याच्या आजोबांनी लिहिलं, 'सविनय विचारणा की माझ्या कोठ्यातील नाग कोणी ओळखला, आपण की काकांनी?' मी लिहिलं, 'काकांनी. मी फक्त सांगितलं त्यायले, फणा कसा दिसते ते.' त्यांनी लिहिलं, 'समजले.' आणि पंकजनं त्याच्या त्या लेखातलं ते वाक्य काढून पुन्हा टाकलं. एवढं झालं, काका. तुमच्या नावावर आता ती मण्यार नाही. ती माझ्या नावावर आहे.

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विलासचा फोन आला.

"ताई, म्या ती दुपट्ट्यात धरली होती."

"हो."

"लेकरू बाजूले होतं माह्या."

"हो, भाऊ."

"काकानं फोन केला मले, म्हणे चूक माही झाली. तवा म्या त्यायले काय काय बोललो, माहीत हाये का तुमाले?"

"नाही."

 "मंग राहू द्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

तुम्ही मला ते कधी सांगितलं नाहीत. मीही तुम्हाला ग्रुपवरचं सगळं सांगितलं नव्हतं. आपण दोघंही एकमेकांना वाचून दाखवताना गाळत होतो तर.

आणि काल. जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं होती, फोन कपाटात ठेवायला निघाले आणि वाजला. ग्रुपवर नव्हे, माझ्या नंबरावर. विलास. फोटो. खाली एक अक्षर नाही. म्हशीच्या कुटाराच्या पोत्यामागून निघालेलं वीतभर शरीर, पिवळट-तपकिरी. डोकं नाही, शेपूट नाही. बाकीचं पोत्याखाली.

 मी मोठा करून पाहिला, आणि मग पाहणं सोडून दिलं. फोन लावला. त्यानं उचलला. मी म्हटलं, "भाऊ, कुठी उभे हावो तुमी सगळे?" म्हणाला, घरात. "सगळे भाईर या. म्हातारे, लेकरं, सगळे. म्हशीपाशी जाऊ नका, रस्त्यावर या." मग लिहिलंही, म्हणजे त्याला पुन्हा वाचता येईल. 'मले ओळखू येत नाही. विषारी समजूनच राहा. हात लावू नका, मारू नका. महागावचा सर्पमित्र निघाला. पाऊण तास लागन. तोवर कोणी आत जाऊ नका.' सर्पमित्राला मीच फोन केला होता. हे लिहिताना मला तुमचा आवाज येईल असं वाटलं होतं, आला नाही.

पाऊण तास मी जिन्यात बसून होते. सुपरवायझर बाई शोधत आली, तमिळमध्ये चिडून काहीतरी म्हणाली. मी फोन दाखवला. "पांबु?" म्हणाली, म्हणजे साप. मी मान हलवली. ती फोनपासूनच एक पाऊल मागं सरकली आणि मग तिथंच उभी राहिली, माझ्यासोबत, कामाचं काही न बोलता. मधे-मधे विलासचं एखादं वाक्य यायचं. 'आलो भाईर.' 'बाबा आत जातो म्हणते, धरून ठेवलं.' 'बायको म्हणे भाजी करपली.' मी प्रत्येकाला उत्तर दिलं. जळू द्या भाजी, लिहिलं.

मग बराच वेळ काही नाही.  बाई आणि मी, दोघी त्या फोनकडं पाहत होतो.

'धामण', असं आलं. आणि पाठोपाठ, 'ताई, धामण होती.'

धामण, काका. आपल्याकडं शेण काढणारी बाईसुद्धा जिला ओळखते, हातानं शेपटी धरून बाजूला करते, ती. तिच्यासाठी मी एका घरातली सहा माणसं पाऊण तास उन्हात उभी केली, त्यांचं जेवण करपवलं, एका माणसाला महागावहून धावत आणलं आणि माझं तेवढं काम बुडवलं. तुम्ही असता तर नुसत्या रंगावरून सांगितलं असतं. पोत्यामागून दिसणाऱ्या वीतभर अंगावरून सांगितलं असतं. आणि मग खोकला येईपर्यंत हसला असता, मला ते ऐकू येत होतं, लाजही वाटत होती.

मी विलासला लिहिलं, 'तुमाले फुकटचं उन्हात उभं केलं. पण पुढच्या टायमाले पुरा दिसला नाही तर मी असंच करीन.'

तो थोडा वेळ लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. मग आलं.

'करा.'